दीड किलोच्या लॅपटॉपवर एडिटिंग: बिझनेस मॉडेल की कन्झ्युमर मॉडेल?

फोटो, व्हिडिओ, इलस्ट्रेशन किंवा संगीताचं काम करणारा माणूस तेरा-चौदा इंची लॅपटॉप शोधायला लागला की पहिलाच प्रश्न फसवा असतो: "प्रोफेशनल घेऊ की साधा?" काम प्रोफेशनल, म्हणजे मशीनही प्रोफेशनल, असं उत्तर ठरलेलं. पण लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या भाषेत प्रोफेशनल म्हणजे एडिटर किंवा चित्रकार नव्हेच. एका वेळी पाचशे मशीन घेणारी कंपनी आणि ती सांभाळणारा आयटी विभाग, हे त्यांचं प्रोफेशनल गिऱ्हाईक. त्याला बरीच वर्षं तेच सुटे भाग मिळायला हवे असतात, डॉक (एका वायरीने मॉनिटर, कीबोर्ड वगैरे जोडणारा डबा) सगळ्यांना सारखा चालायला हवा असतो, कीबोर्डवर चहा सांडला तर तंत्रज्ञ जागेवर येऊन दुरुस्ती करून जायला हवा असतो. पडद्यावरचा लाल रंग खरा लाल आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. एक्सेलच्या रकान्यांना काय फरक पडतो!

त्यामुळे नावातला "प्रो" बाजूला ठेवून आधी मशीन कोणत्या घराण्यातलं आहे ते ओळखावं. थिंकपॅड एक्स१ कार्बन, थिंकपॅड टी१४, एचपी एलीटबुक, डेल लॅटिट्यूड (२०२५ पासून डेल प्रो) ही ऑफिसची मशीनं: उत्तम कीबोर्ड, उत्तम सेवा, आणि ग्राफिक्स बहुतेक वेळा प्रोसेसरमध्येच असलेलं. थिंकपॅड पी मालिका, एचपी झेडबुक आणि डेल प्रिसिजन (२०२५ पासून नाव बदलून डेल प्रो मॅक्स) ही मोबाइल वर्कस्टेशन. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरसाठी तपासलेले ड्रायव्हर मिळतात. पलीकडे कन्झ्युमर बाजूला आसुस प्रोआर्ट, डेल एक्सपीएस, आणि जन्माने गेमिंगचा पण वजनाने जेमतेम दीड किलोचा आसुस झेफिरस जी१४. ॲपलचा संसार वेगळाच. तिथे "प्रो" म्हणजे खरोखर एडिटरसाठी बनवलेलं मशीन, पण बिझनेस घराण्यातली दुरुस्तीची सोय त्यात नाही.

चौदा इंची मशीनमध्ये जागा नसते, हे एकदा मनात पक्कं झालं की बाकीचं पटापट कळत जातं. उष्णता बाहेर टाकणं, बॅटरी आणि पोर्ट या तिघांचं त्या एका डब्यात भांडण चालू असतं आणि प्रत्येक कंपनी त्यात वेगवेगळा निवाडा देते. तो निवाडा कळण्यासाठी वॉट, म्हणजे कोणत्या चिपला किती वीज दिली आहे, ते बघावं लागतं.

नाव तेच, वॉट वेगळे

एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०७० हे एक कार्ड नाही, ती एक पट्टी आहे. कंपनी ते ३५ वॉटवर चालवू शकते किंवा ११५ वॉटवर. दोन्ही डब्यांवर नाव तेच. म्हणून पातळ लॅपटॉपमधलं ४०७० जाड लॅपटॉपमधल्या ४०६० कडून मार खाऊ शकतं. २०२४ च्या डेल एक्सपीएस १४ मध्ये आरटीएक्स ४०५० मिळायचं, पण ३० वॉटवर बांधलेलं. हे कार्ड वाईट नाही. फक्त इतर लॅपटॉपमधल्या ४०५० चे आकडे बघून त्यावर भरवसा ठेवू नये. मशीन हातात असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनच्या यादीत "मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर" ही ओळ शोधा. हातात नसेल तर कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात आकडा असतो. तिथेही नसेल, तर तो कमी असणार असं धरून चालायला हरकत नाही.

वर्कस्टेशनच्या कार्डांबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. आरटीएक्स २००० एडा म्हटलं की काहीतरी वेगळं, जड काम ओढणारं सिलिकॉन डोळ्यापुढे येतं. प्रत्यक्षात त्यात ३०७२ कुडा कोअर (कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग) आणि ८ जीबी मेमरी आहे, आणि आरटीएक्स ४०६० लॅपटॉप कार्डातही तेवढंच आहे. आरटीएक्स ३००० एडा आणि ४०७० यांचंही तसंच: दोन्हीकडे ४६०८ कोअर, दोन्हीकडे ८ जीबी. जास्तीचे पैसे जातात ते प्रमाणित ड्रायव्हरसाठी. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ किंवा एनएक्स ही सीएडी (यंत्रभागांचे आराखडे बनवणारी) सॉफ्टवेअर रोज चालवणाऱ्याला ते मोजलेच पाहिजेत, कारण तिथे प्रमाणित कार्ड नसेल तर काही सोयी बंद राहतात आणि तक्रार केली तर सॉफ्टवेअर कंपनी हात वर करते. फोटोशॉप, लाइटरूम, व्हिडिओचे प्रीमियर आणि रिझॉल्व्ह, थ्रीडीचं ब्लेंडर यांना त्या प्रमाणपत्राशी काही देणंघेणं नाही.

"फोटोशॉपमध्ये दहा बिट रंग हवा तर क्वाड्रोच लागतं" हा सल्लाही अजून फिरतो. (दहा बिट म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा, क्वाड्रो हे एनव्हिडियाच्या वर्कस्टेशन कार्डांचं जुनं नाव.) तो एकेकाळी खरा होता. जुलै २०१९ मध्ये एनव्हिडियाने स्टुडिओ ड्रायव्हरमधून ती सोय साध्या जीफोर्स कार्डांनाही दिली आणि तो मुद्दा संपला.

लहान वर्कस्टेशनमध्ये आणखी एक खड्डा आहे. आरटीएक्स ५०० एडाचं स्टिकर लावलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्सची मेमरी फक्त ४ जीबी असते. "वर्कस्टेशन ग्राफिक्स" म्हणून हे विकलं जातं. सीएडीमधला मध्यम आकाराचा भाग ते सहज फिरवतं, पण ४के टाइमलाइनवर नॉइझ रिडक्शन लावलं किंवा ब्लेंडरमध्ये मोठे टेक्स्चर आले की मेमरी संपल्याचा संदेश हजर. लाइटरूमच्या एआय डिनॉइझलाही ८ जीबी असलेली बरी. व्हिडिओ किंवा थ्रीडीसाठी कार्ड घ्यायचंच असेल तर ४ जीबीचं घेऊ नका. त्यापेक्षा कार्ड नसलेलं हलकं मशीन घेऊन ते वजन वाचवलेलं परवडतं.

प्रोसेसरची गोष्ट याच जातीची. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ १५५एच आणि १५५यू यांच्या नावात एका अक्षराचा फरक, पण पहिल्याची पायाभूत क्षमता २८ वॉट आणि दुसऱ्याची १५. ऑफिसच्या मशीनमध्ये यू सर्रास असतो. वेब आणि ईमेलला दोन्ही सारखेच वाटतात. शंभर रॉ फाइल एक्स्पोर्टला लावल्या की मग अंतर दिसतं.

शिवाय इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर सुरुवातीला काही सेकंद जोरात पळतात आणि मग खाली येतात. मर्यादा दोन असतात: थोड्या वेळापुरती वरची आणि कायमची खालची. वरची मर्यादा साधारण अर्धा-एक मिनिट टिकते, म्हणून एकदाच चालवलेली बेंचमार्क चाचणी फक्त त्या धावेचा आकडा देते. फोटोशॉपमध्ये ब्रश आणि फिल्टर वापरणाऱ्याला ती छोटी धावच उपयोगी पडते. त्याचं काम झटक्याझटक्यात चालतं, मध्ये मशीनला थंड व्हायला वेळ मिळतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट किंवा रेंडर करणाऱ्याला मात्र दहाव्या मिनिटाला काय उरतं तेच बघायला हवं.

तपासायची रीत सोपी आहे. चार्जर लावा, कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये परफॉर्मन्स मोड निवडा, सिनेबेंचची (प्रोसेसरची ताकद मोजणाऱ्या ॲपची) दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (चिपांचे आतले आकडे दाखवणारं ॲप) उघडून "सीपीयू पॅकेज पॉवर" बघत राहा. सुरुवातीला ५० वॉट आणि पाचव्या मिनिटापासून १८ वॉट असं दिसलं, तर ते मशीन १८ वॉटचं समजा. मग हीच चाचणी ग्राफिक्स कार्डावरही भार टाकून करा, म्हणजे ब्लेंडरचा एखादा सीन कार्डावर रेंडरला लावून सिनेबेंच पुन्हा चालवा. लहान मशीनमध्ये दोन्ही चिपांच्या उष्णतानळ्या आणि पंखे सामाईक असतात, त्यामुळे एकीला जास्त दिलं की दुसरीचं कमी होतं. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्ही चिपांना एकाच वेळी राबवतात, म्हणून खऱ्या कामाच्या जवळची चाचणी हीच.

आकडे फारच कमी आले तर लगेच मशीनला दोष देऊ नये. चार्जर कमी वॉटचा आहे का, विंडोजचा पॉवर मोड "बेस्ट परफॉर्मन्स"वर आहे का, मशीन कापडावर ठेवून खालच्या फटी बंद झाल्यात का, हे आधी पाहावं. काही थिंकपॅड मांडीवर ठेवलंय हे सेन्सरने ओळखतात आणि पाय भाजू नयेत म्हणून वेग आपणहून कमी करतात. सोय चांगली आहे, फक्त मांडीवर घेतलेली चाचणी धरू नका.

चार्जरचाही हिशोब करावा. सोयीसाठी १०० वॉटचा यूएसबी-सी चार्जर बाळगायचा आणि मशीन पूर्ण भारावर १४० वॉट मागणारं, असं असेल तर रेंडर चालू असताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते, नाहीतर मशीन स्वतःच मंद होतं. नुसत्या बॅटरीवर तर वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेले विंडोज लॅपटॉप बराच वेग गमावतात. चार्जर न लावता तोच वेग हवा असेल तर ॲपलची मशीनं पुढे आहेत, यात वाद घालण्यासारखं काही नाही. मात्र मॅकबुक एअरला पंखा नाही. पाच मिनिटांच्या कामात तो प्रोच्या खांद्याला खांदा लावतो. लांब एक्स्पोर्टमध्ये धातूचं अंग तापलं की वेग उतरतो. रोज तासभर एक्स्पोर्ट असेल तर पंखा असलेला चौदा इंची प्रो घ्यावा. फोटो, डिझाइन आणि छोट्या क्लिपसाठी एअर पुरतो.

पडदा: मॉडेलचं नाव नाही, पॅनल बघा

बिझनेस लॅपटॉप क्रिएटिव्ह कामात तोंडघशी पडतो तो बहुतेक वेळा पडद्यामुळे. एकाच मॉडेलमध्ये तीन-चार पॅनल असतात आणि सगळ्यात स्वस्त पॅनलच्या पुढे लिहिलेलं असतं: ४५ टक्के एनटीएससी. एनटीएससी हे रंगव्याप्तीचं जुनं माप. हा आकडा एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबच्या नेहमीच्या मापात मांडला तर साधारण ६० ते ६५ टक्के भरतो. म्हणजे वेबवरचे साधे रंगसुद्धा तो पडदा पूर्ण दाखवू शकत नाही. त्वचेचा रंग मेलेला दिसतो, एडिट करणारा सॅच्युरेशन वाढवतो, आणि मग तोच फोटो दुसऱ्याच्या फोनवर भडक नारिंगी होऊन उघडतो. ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर ते साधारण एसआरजीबीएवढं. त्याच्या खालचं पॅनल रंगाच्या कामाला घेऊ नये, मग बाकीचं मशीन कितीही चांगलं असो.

दुकानात मांडलेलं मशीन आणि घरी येणारं मशीन यांचं पॅनल वेगळं असू शकतं, म्हणून खरेदीआधी पूर्ण पार्ट नंबर घेऊन माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. एचपीची प्रायव्हसी स्क्रीन किंवा तशीच बाजूने काळी दिसणारी कोणतीही स्क्रीन रंगाच्या कामातून बाद. डोकं जरा हललं की उजेड बदलतो.

कन्झ्युमर बाजूला उलटी अडचण. तिथे ओएलईडी सर्रास मिळतो, रंगांची व्याप्ती पी३ (एसआरजीबीपेक्षा मोठं माप) एवढी, काळा अगदी काळा. पण विंडोजमध्ये रंगव्यवस्थापन न पाळणारे प्रोग्रॅम अशा पडद्यावर सगळंच भडक दाखवतात. कंपनीच्या ॲपमध्ये एसआरजीबी मोड असतो. वेबसाठी काम करताना तो चालू ठेवा, व्हिडिओसाठी पी३ मध्ये ग्रेड करायचं (रंग बसवायचे) असेल तेव्हाच बदला. दुसरी गोष्ट, कमी उजेडावर अनेक ओएलईडी पॅनल सेकंदाला २४० वेळा लुकलुकतात. सगळ्यांना ते जाणवत नाही, पण ज्यांना जाणवतं त्यांचं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकतं. फोनचा कॅमेरा वेगवान शटरवर लावून पडद्याकडे धरला की काळे पट्टे सरकताना दिसतात. टच असलेल्या काही ओएलईडी पडद्यांवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक कणही दिसतात. लाइटरूममध्ये नॉइझ बघत बसणाऱ्याला ते कण फोटोतलेच वाटतील.

पॅनल कोणतंही असो, काही गोष्टी बंद केल्याशिवाय कॅलिब्रेशनला (पडद्याचे रंग उपकरणाने मोजून बरोबर करायला) बसू नये. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधला "मजकुरानुसार उजेड बदला" हा पर्याय, इंटेलच्या ग्राफिक्स ॲपमधली डिस्प्ले पॉवर सेव्हिंगची सोय, एएमडीच्या मशीनवर व्हॅरी-ब्राइट, मॅकवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट. यातली पॉवर सेव्हिंगवाली मंडळी लबाड आहेत. चार्जर लावलेला असेपर्यंत गप्प बसतात आणि बॅटरीवर गेलं की कॉन्ट्रास्ट हळूच बदलतात. "घरी बरोबर दिसलेला फोटो बाहेर वेगळा का दिसतो?" याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. ते सगळं बंद केलं की पडदा अर्धा तास चालू ठेवा, मग कॅलिब्रेटर लावा. पांढरा डी६५, गॅमा २.२, आणि उजेड छपाईच्या कामाला १०० ते १२० निट (उजेडाचं एकक). पाचशे निटचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेले फोटो छापल्यावर अंधारे येतात, त्याचं कारण प्रिंटर नसतो.

टेबलावर चांगला मॉनिटर आधीच असेल आणि रंगाचं शेवटचं काम तिथेच होत असेल, तर लॅपटॉपच्या पडद्याचं महत्त्व निम्म्याने कमी होतं. अशा वेळी बिझनेस मॉडेलचं पारडं जड होतं. फक्त मॅकबुक एअर घेताना पिढी बघा: एम१ आणि एम२ एअर एकच बाह्य पडदा चालवतात, एम३ दोन चालवतो पण झाकण बंद ठेवून, आणि एम४ झाकण उघडं ठेवूनही दोन.

मेमरी आणि साठवण

लहान मशीनमध्ये रॅम बहुतेक वेळा बोर्डावर सोल्डर केलेली असते. एक्स१ कार्बन, एक्सपीएस, २०२४ चा झेफिरस जी१४, सगळे मॅकबुक यात आले. विकत घेताना जेवढी रॅम, तेवढीच शेवटपर्यंत. थिंकपॅड टी१४ जेन ५ सारखा अपवाद म्हणूनच मोलाचा: २०२४ चं मशीन असूनही रॅमच्या दोन काढघाल करता येणाऱ्या जागा. अलीकडे एलपीकॅम२ नावाचा स्क्रूने बसणारा पातळ मॉड्यूल आलाय, पण तो थिंकपॅड पी१ जेन ७ सारख्या मोजक्याच मशीनमध्ये आहे, आणि ते सोळा इंची आहे.

किती घ्यावी? फोटो आणि डिझाइनला १६ जीबीत काम होतं, पण ब्राउझर बंद ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. सोल्डर केलेल्या मशीनमध्ये ३२ जीबीच्या खाली जाऊ नये हे माझं मत. ४के व्हिडिओला तर अडोबीचीच शिफारस ३२ ची आहे. ॲपलच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच साठ्यातून मेमरी घेतात. त्याचा फायदा असा की मोठा थ्रीडी सीन ८ जीबीच्या भिंतीला आपटत नाही. तोटा असा की १६ म्हणजे दोघांना मिळून १६. हाच एकत्र मेमरीचा मार्ग विंडोजच्या बाजूला एचपी झेडबुक अल्ट्रा जी१ए मध्ये दिसतो, चौदा इंचात १२८ जीबीपर्यंत. अशी गरज फार थोड्यांना असते, पण असली तर या आकाराच्या विंडोज मशीनमध्ये तोड मिळणं कठीण.

एसएसडीच्या बाबतीत क्यूएलसी (एकेका कप्प्यात जास्त माहिती कोंबणाऱ्या) प्रकारापासून सावध राहा. छोट्या फाइलींत तो वेगवान वाटतो. दोन-तीनशे जीबी फूटेज एका दमात ओतलं की त्याची जलद साठवण भरते आणि वेग हार्डडिस्कच्या पातळीवर उतरतो. डिस्क बदलता येण्याजोगी असली तरी जागेची लांबी विचारा: २२८०, २२४२ की २२३० (शेवटचे दोन आकडे म्हणजे मिलिमीटरमधली लांबी). आखूड जागेत मोठ्या क्षमतेच्या टीएलसी (क्यूएलसीपेक्षा वेग टिकवणाऱ्या) डिस्कचे पर्याय कमी असतात. मॅकमध्ये बदलायचा प्रश्नच नाही, त्यामुळे फूटेज बाहेरच्या थंडरबोल्ट डिस्कवर आणि फक्त कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) आतल्या डिस्कवर, अशी वाटणी करावी.

कॅमेऱ्याच्या फाइलीने ठरणारी निवड

व्हिडिओवाल्यांसाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न "कार्ड कोणतं?" हा नाही. "कॅमेरा काय लिहितो?" हा आहे. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) मध्ये ४:२:२, दहा बिट, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून लिहितात. ती फाइल हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये आहे, ॲपलच्या एम मालिकेत आहे, आणि एनव्हिडियाकडे थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. आरटीएक्स ४० मध्ये नाही. एएमडीच्या अंतर्गत ग्राफिक्समध्येही नाही.

आता जोड्या लावून बघा. एएमडीचा रायझन प्रोसेसर अधिक आरटीएक्स ४०७० ही कागदावर दणकट जोडी (झेफिरस जी१४ आणि आसुस प्रोआर्ट पीएक्स१३, दोन्ही २०२४ चे) नेमकी या फाइलींवर अडखळते, कारण दोघांपैकी कोणालाच ती उलगडता येत नाही आणि सगळं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर येतं. उलट, वेगळं कार्डच नसलेला कोअर अल्ट्राचा ऑफिस लॅपटॉप तीच टाइमलाइन गुळगुळीत चालवू शकतो. इफेक्ट चढवले की तोही दमतो, पण नुसतं कापणं-जोडणं सुखाचं होतं. मशीन आधीच घेतलेलं असेल तर प्रॉक्सी (कापण्यापुरत्या हलक्या नकला) बनवा: प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी, मूळच्या अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनमध्ये. फाइली रात्री बनवायला टाकायच्या आणि सकाळी कापायला बसायचं.

कार्ड रीडरही विसरू नका. एक्सपीएस १३ सारख्या मशीनमध्ये तो नाहीच. अनेकांत असतो पण यूएचएस-१ (एसडी कार्डाच्या वेगाचा जुना दर्जा) चा, ज्याची कमाल १०४ एमबी प्रति सेकंद. १२८ जीबीचं भरलेलं कार्ड त्यावर रिकामं व्हायला वीस-पंचवीस मिनिटं घेतं, यूएचएस-२ वर तेच काम आठ-दहा मिनिटांत उरकतं. यूएसबी रीडर वेगळा घेता येतो, त्यामुळे हा मुद्दा मशीन नाकारण्याइतका मोठा नाही. मात्र दोनच यूएसबी-सी पोर्ट असतील तर एक चार्जरला, एक रीडरला, आणि बॅकअपची डिस्क हातात तशीच राहते. बिझनेस मॉडेल इथे निवांत असतात.

संगीतवाल्यांचा प्रश्न तसा छोटा. विंडोजवर आवाज तुटतो तो प्रोसेसर कमी पडल्यामुळे क्वचित. जास्त करून एखादा ड्रायव्हर मध्येच अडून बसतो, आणि वायफायचा ड्रायव्हर नेहमीचा संशयित. लेटन्सीमॉन (असे अडणारे ड्रायव्हर दाखवणारं ॲप) अर्धा तास चालवून बघा, मग वायफाय बंद करून पुन्हा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात कोणी आडवं आलं की टिक ऐकू येते. माइक त्याच खोलीत असेल तर पंखा नसलेला एअर इतरांपेक्षा सरस.

मोडल्यावर काय?

बिझनेस घराण्याचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते इथे. वॉरंटीत "ऑनसाइट" असेल तर तंत्रज्ञ भाग घेऊन येतो, बहुतेक करारांत पुढच्या कामाच्या दिवशी. कन्झ्युमर वॉरंटीत मशीन केंद्रात जमा करावं लागतं आणि डिस्कही सोबतच जाते. डिलिव्हरी उद्यावर असताना या फरकाची किंमत आपोआप कळते. वॉरंटीच्या कागदावर "ऑनसाइट" हा शब्द आहे की नाही हे स्वतः वाचा, कारण बिझनेस मॉडेललाही कधीकधी मूळ वॉरंटी साधीच असते आणि ऑनसाइट वेगळी घ्यावी लागते. लेनोवो, डेल आणि एचपी आपल्या बिझनेस मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका उघड ठेवतात. कोणता स्क्रू कुठला, बॅटरी कशी काढायची, सगळं चित्रांसह. खरेदीआधी ती उतरवून बॅटरी आणि कीबोर्ड बदलायचं पान बघा. कीबोर्ड बदलायला आख्खा बोर्ड काढावा लागत असेल तर दुरुस्ती महाग जाणार. "मिल-एसटीडी-८१०" या (अमेरिकी लष्कराच्या टिकाऊपणाच्या मानकाच्या) शिक्क्याने भारावून जाऊ नये. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनी स्वतः ठरवते.

भाडेकरार संपलेली तीन वर्षं जुनी बिझनेस मशीनं हा चांगला सौदा असतो, पण चार गोष्टी तपासून. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ व्यवस्थेला) सुपरवायझर पासवर्ड नसावा, कारण तो विसरला म्हणून सहज निघत नाही. नेटला जोडून विंडोज नव्याने टाका; सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं लॉगिन समोर आलं तर मशीन अजून तिच्या ताब्यात नोंदलेलं आहे, परत करा. मॅकलाही हेच लागू. विंडोजच्या पॉवरसीएफजी आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढा आणि पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरा. आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

नवं मशीन आलं की परतीची मुदत असेपर्यंत पुढचं सगळं उरकून घ्या. पहिल्या दिवशी पूर्ण करडा, पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा पडदा लावून डाग आणि कडेचा उजेड बघा. मग स्वतःच्याच एका जुन्या प्रोजेक्टचं एक्स्पोर्ट सलग तीन वेळा चालवा. तिसरी वेळ पहिलीपेक्षा एक चतुर्थांशाहून जास्त लांबली तर त्या मशीनचं थंडावणं तुमच्या कामाला पुरत नाही. तेच एक्स्पोर्ट एकदा फक्त बॅटरीवर, एकदा प्रवासात नेणार त्या लहान चार्जरवर. दोन्ही बाजूंचे पोर्ट खऱ्या डिस्क लावून तपासा, झाकण बंद करून रात्रभर झोपवा आणि सकाळी बॅटरी किती टक्के उतरली ते पाहा. पॅकिंगचा डबा आणि आतले फोमचे तुकडे तोवर फेकू नका.